रविवार मिळवून देणारा माणूस : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

आमच्या निवासी विद्यालयात रविवार हा पालकभेटीचा वार. सकाळची वंदना आटोपली, की मुलांचे डोळे फाटकाकडे लागतात. दिवाळी सरली की मात्र फाटकापाशी होणारी गर्दी ओसरते. परंडा, भूम, वाशी या आपल्या तालुक्यांतील आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील कितीतरी मुलांचे आईवडील त्या वेळी कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी थेट कर्नाटकात. गेल्या हंगामात अशाच एका रविवारी सातवीतील एका मुलीने आम्हांला विचारले, की रविवारची सुटी सगळ्यांना असते, तर तिच्या आईला का नसते.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. उत्तर तिथल्या तिथे देता आले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गातच प्रश्न टाकला, की रविवारची सुटी आपल्या देशात आणली कोणी? बहुतेक मुलांनी इंग्रजांचे नाव घेतले. ते अगदीच चूक नव्हे. इंग्रजांच्या कचेऱ्यांना आणि त्यांच्या साहेबांना रविवार होताच. परंतु गिरणीत राबणाऱ्या मजुराला तो इंग्रजाने दिला नाही आणि गिरणीमालकाने आपण होऊनही दिला नाही. तो मिळण्यासाठी सहा वर्षे झगडा करावा लागला, आणि त्या झगड्याच्या अग्रभागी गिरणीतलाच एक नोकरदार उभा होता. शाळेच्या या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा त्याचेच चरित्र लिहावे असे आम्ही ठरविले.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८४८ रोजी ठाणे येथे झाला. याच वर्षी जोतीरावांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हा योगायोग आम्ही मुलांना आवर्जून सांगतो. सनावळ्या अशा जोडीने सांगितल्या, की लक्षात राहतात. लोखंडे कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातील कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी, परिस्थितीने बेताचे. माध्यमिक शाळेपर्यंतचे शिक्षण झाल्यावर नारायणरावांनी प्रथम रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईतील एका कापडगिरणीत ते भांडारपाल म्हणून लागले.

ही भांडारपालाची जागा नीट समजून घेतली पाहिजे, असे आम्हांला वाटते. भांडारपाल हा यंत्रावरचा मजूर नव्हे. त्याच्या अंगावर कापसाची धूळ बसत नाही, त्याचा हात पट्ट्यात सापडत नाही. तो लिहिणारा, हिशेब ठेवणारा, मालकाच्या कचेरीला जवळचा माणूस. मजूर त्याच्या दारात येतो तो काहीतरी मागण्यासाठी, आणि देणारा हात सहसा वरचढ होतो. त्या काळी असे लिहितेवाचते नोकर मजुरांपासून अंतर राखून असत. लोखंड्यांनी ते अंतर राखले नाही. आपल्या खिडकीशी येणारा माणूस थकलेला का, कर्जात का, त्याच्या बोटांना चिंधी का बांधलेली, हे त्यांनी पाहिले आणि विचारले. पुढे त्यांनी मांडलेल्या मागण्या वाचल्या म्हणजे हे ध्यानात येते. त्या कोणत्याही पुस्तकातून उचललेल्या नाहीत.

तेव्हाची गिरणी कशी होती? मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारण्यास घेतली. नंतरच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा हा सारा भाग धुराड्यांनी भरून गेला. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून मजूर थोडा लवकर सुटे. उन्हाळ्यात तोच दिवस तेरा-चौदा तासांवर जाई. जेवणाची ठरलेली वेळ नव्हती. यंत्र चालू असतानाच एकाने दुसऱ्याचे यंत्र सांभाळायचे आणि पहिल्याने चार घास खाऊन घ्यायचे. आठवड्याची सुटी नव्हती. सणाच्या दिवशी गिरणी बंद राहिली तर तेवढीच. पगार महिना उलटून गेल्यावरही हाती पडत नसे. मजूर बहुतेक कोकणातले आणि घाटावरचे. काही उत्तरेकडून आलेले मुसलमान विणकर. एकाच खात्यात काम करूनही चाळ वेगळी, बोली वेगळी, जात वेगळी. त्यांना कामावर लावणारा आणि काढणारा एकच, तो म्हणजे मुकादम, ज्याला गिरणीत जॉबर म्हणत. मजूर त्यालाच दस्तुरी देई आणि त्यालाच भिई.

अशा ठिकाणी मजुरांनी एकमेकांचे दुःख ओळखावे, ही गोष्ट आपोआप घडत नसते. उलट, शेजारच्या साच्यावरचा माणूस आजारी पडला, तर त्याची जागा आपल्या भावाला मिळेल, असा विचार पोट माणसाला करायला लावते.

लोखंडे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजात आले ते याच काळात. सत्यशोधक विचारांचे ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले होते. पैशाअभावी ते चालेना. १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईत आणले आणि मरेपर्यंत चालविले. शेतकरी आणि मजूर यांच्या बाजूने मराठीत नेमाने लिहिणारे पत्र तेव्हा दुसरे क्वचितच होते.

या पत्रावरून गुरुशिष्यांत एकदा चांगलेच बिनसले. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ मधला. त्याची पहिली दोन प्रकरणे दीनबंधुत छापून आली आणि पुढची छापणे लोखंड्यांनी थांबविले. सरकारची खप्पामर्जी होईल, हे भय त्यामागे असावे. जोतीरावांना याचा राग आला आणि त्यांनी संपादकाच्या भित्रेपणावर लेखी कोरडा ओढला. चरित्रकार अशा जागा गाळतात. आम्ही त्या गाळत नाही. जोतीराव बरोबर होते, असेच आमचे मत आहे. परंतु त्यानंतर पाच वर्षांनी, ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली, तेव्हा त्या समारंभासाठी राबलेल्या मुंबईच्या सत्यशोधक मंडळींत लोखंडे होते. एकाने कठोर बोलावे, दुसऱ्याने ते गिळावे आणि दोघांनी एकच काम पुढे चालवावे, हे आजच्या आमच्या चळवळीतील सहकाऱ्यांना, म्हणजे आम्हांलाही, किती जड जाते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता गिरणीच्या कायद्याकडे वळू. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना रोज नऊ तासांची मर्यादा घातली. म्हणजे आमच्या दुसरीतल्या मुलाने नऊ तास काम केले, तर ते कायदेशीर होते! मोठ्या माणसांविषयी आणि बायकांविषयी त्या कायद्यात तासांचे बंधन काहीच नव्हते. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबई सरकारने या कायद्याचा पुनर्विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. आयोगापुढे मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, अधिकारी बोलणार, हे उघड होते. मजुरांच्या वतीने कोण बोलणार, याची चिंता कोणालाच नव्हती.

लोखंड्यांनी मजुरांनाच एकत्र बोलावले. २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबाग भागात मजुरांच्या सभा झाल्या. कामगारांनी कामगारांसाठी भरविलेल्या या देशातील पहिल्या सभा म्हणून इतिहासकार त्यांचा उल्लेख करतात. याच सुमारास ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली आणि लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. सभेने पाच मागण्या मंजूर केल्या, त्यांचा अर्ज तयार झाला आणि त्यावर साडेपाच हजार मजुरांनी सह्या केल्या. त्यांतील बहुतेकांना अक्षर ओळखता येत नव्हते, हे ध्यानात घेतले, तर प्रत्येक सहीमागे कोणीतरी बसून अर्ज वाचून दाखविला असणार, समजावून सांगितला असणार.

त्या पाच मागण्या अशा. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि पाचवी अशी, की कामावर असताना मजूर जबर जखमी झाला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा निकामी झाला, तर त्याच्या पोटाची सोय व्हावी.

पगारवाढीची मागणी यांत नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. आमच्या विद्यार्थ्यांना याचे नवल वाटते. दर वाढवून मागण्याआधी लोखंड्यांनी माणसाच्या दिवसाकडे पाहिले. उभ्याउभ्या गिळलेला घास, पगार लांबल्यामुळे वाण्याकडे साठत जाणारी उधारी आणि त्या उधारीवरचे व्याज, पहाटे अंधारात निघून अंधारात परतणाऱ्या बापाला आठवड्यातून एकदाही न दिसणारी त्याची जागी असलेली मुले, ही सारी दुःखे एकेका मागणीत उतरलेली आहेत. पंधरा तारखेची मागणी ज्याला सुचली, त्याने मजुराच्या बायकोला वाण्याच्या दुकानापुढे ताटकळताना नक्कीच पाहिले असले पाहिजे.

पाचव्या मागणीशी आम्ही नेहमी थांबतो, त्याला आमचे स्वतःचे कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका संस्थेच्या वसतिगृहात नोकरीला होतो. तेथे स्वयंपाक करणाऱ्या एका बाईंच्या हातावर उकळते वरण सांडले. तीन आठवडे त्यांना काम करता आले नाही आणि त्या तीन आठवड्यांचा पगार कापला गेला. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सहाजण होतो. ज्यांच्या हातचे दोन वेळा जेवत होतो, त्यांच्यासाठी एकानेही कचेरीत जाऊन तोंड उघडले नाही. त्यांची हजेरी वेगळ्या वहीत असे, एवढेच त्याचे कारण. बाई बऱ्या होऊन परत आल्या, वाढपही पूर्वीसारखेच करू लागल्या, पण ताट वाढताना पूर्वी मुलाबाळांची चौकशी करत, ती त्यांनी बंद केली. त्यानंतर वर्षभराने लोखंड्यांचे चरित्र आमच्या वाचनात आले. १८८४ सालच्या भांडारपालाला जे दिसले, ते एम. ए. झालेल्या आम्हांला दिसले नव्हते.

आयोगाने अर्ज घेतला, सरकारने अहवाल घेतला आणि वर्षे जाऊ लागली. लोखंडे अर्ज, सभा, दीनबंधुतील लेख असा जोर लावीतच राहिले. अखेर २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत मजुरांची प्रचंड सभा भरली. सुमारे दहा हजार मजूर आले होते. या सभेत दोन मजूर स्त्रिया बोलल्या. सन १८९० मध्ये, दहा हजारांच्या गर्दीपुढे, गिरणीत रिळे गुंडाळणाऱ्या वर्गातील बायका बोलल्या, ही घटना आमच्या मते त्या दिवशीच्या ठरावापेक्षा लहान नाही. बाईचा थकवा बाईनेच सांगावा, ही जागा त्या सभेने त्यांना मोकळी करून दिली. गिरणीमालकांच्या संघाकडे साप्ताहिक सुटीचा अर्ज गेला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला पुण्यात जोतीराव गेले.

सरकारनेही १८९० मध्ये नवा आयोग नेमला आणि या वेळी लोखंड्यांना मुंबईपुरते त्याच्या कामात घेतले. त्यातून १८९१ चा कायदा झाला. मुलांचे किमान वय सातावरून नऊ झाले, त्यांचे तास सातांवर आले, बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आली, आठवड्याची सुटी आणि मधली अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात लिहिली गेली. पुरुषांच्या तासांना मात्र अजून लगाम नव्हता. तो यायला आणखी वीस वर्षे लागली. आणि कारखान्याचा आठवडा ४८ तासांवर येण्यास १९४६ साल उजाडावे लागले, ज्या कायद्याचे विधेयक मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले होते.

येथे एका सरकारी अहवालाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. मुंबई इलाख्यातील कारखाना कायद्याच्या अंमलबजावणीवर १८९२ साली जो अहवाल झाला, त्यात लोखंड्यांच्या संस्थेविषयी तुच्छतेने लिहिलेले आहे. मतलब असा, की या असोसिएशनला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. तिला संघटित कामगार संघ म्हणताच येत नाही. हे गृहस्थ त्यांच्याकडे येईल त्या मजुराला आपखुशीने सल्ला देतात, एवढेच. अधिकाऱ्याने हे हिणवण्यासाठी लिहिले. आम्ही ते पुन्हा पुन्हा वाचले, तेव्हा आम्हांला त्यात एक वेगळी साक्ष सापडली. वर्गणी नसताना, पावती नसताना, दिवसभर राबलेला मजूर संध्याकाळी या माणसाच्या दारात जात होता आणि दार उघडे मिळत होते. साडेपाच हजार सह्या आणि दहा हजारांची सभा यांचे मूळ त्या दारात आहे.

तरीही अधिकाऱ्याचा मुद्दा पूर्णपणे खोटा नव्हता. जे एका माणसाच्या जिव्हाळ्यावर उभे राहते, ते त्या माणसाबरोबर जाते. लोखंड्यांच्या पश्चात ही असोसिएशन टिकली नाही. वर्गणी, वह्या आणि निवडलेले पदाधिकारी असलेले कामगार संघ आपल्या देशात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस उभे राहू लागले, आणि त्यांना कायद्याची मान्यता १९२६ मध्ये मिळाली.

लोखंड्यांची नजर गिरणीच्या भिंतीपाशी थांबत नव्हती. विधवांच्या केशवपनाची चाल ब्राह्मण घरांतली, पण वस्तरा चालवावा लागे तो नाभिकाला. १८९० च्या सुमारास मुंबईतील नाभिकांनी सभा घेऊन हे काम करणार नाही, असा निश्चय केला, आणि त्यामागे लोखंड्यांचे श्रम होते. ज्याच्या हातून अन्याय करवून घेतला जातो, त्या हाताला तो नाकारण्याचे बळ द्यावे, हा मार्ग किती साधा! १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा पेटला, कित्येक माणसे मेली. काल शेजारशेजारच्या साच्यांवर उभे असलेले मजूर एकमेकांच्या चाळींवर दगड घेऊन गेले. लोखंड्यांनी पुढाकार घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत दोन्ही समाजांतील लोकांचा एकोप्याचा मेळावा भरविला. सरकारने पुढे त्यांना रावबहादूर केले, जस्टिस ऑफ द पीस हा मानही दिला.

एक गोष्ट मात्र आम्हांला सतत टोचते, आणि या शाळेच्या स्मरणिकेत ती सांगितली नाही, तर लेख अपुरा राहील. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मजूर शेकड्यांनी होते, पण कापड विणण्याच्या साचेखात्यात त्यांना प्रवेश नव्हता. मिळकत जास्त होती ती तेथेच. कारण काय, तर धोट्यातील कांडी संपली, की नव्या कांडीच्या धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एका मजुराच्या ओठांना लागलेला धोटा पुढे दुसऱ्याच्या ओठांना लागणार. मराठा मजुराला आणि मुसलमान मजुराला अस्पृश्याचा विटाळ नको होता, मालकाला तंटा नको होता, म्हणून ते दार बंद. लोखंड्यांच्या पाच मागण्यांत हे दार उघडण्याची मागणी नव्हती. सुपारीबागेच्या सभेत आमचे पणजे-खापरपणजे असतील, तर तेही रविवार मागत होते. सोमवारी परतायचे ते मात्र ठरवून दिलेल्या खात्यातच.

हा प्रश्न चव्हाट्यावर आला तो लोखंड्यांना जाऊन तीस वर्षे लोटल्यावर. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने चाललेला मोठा संप झाला. बाबासाहेब तेव्हा परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते. संपाने विझलेल्या चुली त्यांच्या दारासमोर होत्या. त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले, की साचेखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी तुमच्या यादीत आली पाहिजे, नाहीतर आम्ही आमच्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगू. पुढाऱ्यांनी प्रथम टाळले, मग नाखुशीने ती मागणी घेतली. फॉसेट समितीपुढे ती गेली, तेव्हा मालकांनी सांगितले, की हा अन्याय असेल, तर तो आमचा नव्हे. आणि एका अर्थी ते खरे बोलत होते! दार मालकाने नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या मजुराने लावून धरले होते. लाल बावट्याखाली सहा महिने बरोबर उपाशी राहिलेल्या माणसाला दुसऱ्याची भूक कळली, त्याचे ओठ मात्र आपल्यासारखेच आहेत, हे कळले नाही.

लोखंड्यांना याबद्दल दोष द्यावा की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. ते जोतीरावांचे अनुयायी होते. जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी मोकळा केला होता. तेव्हा ही मागणी सुचण्यासारखी होती. दुसऱ्या बाजूने, मजुराला माणूस म्हणवून घेण्याची पहिली पायरी त्यांनी बांधली नसती, तर १९२८ साली बाबासाहेबांनी जाब विचारावा, असा संपही उभा राहिला नसता. आम्ही वर्गात दोन्ही गोष्टी सांगतो.

त्यांच्या अखेरच्या दिवसांची हकीकत थोडक्यात सांगावी लागते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. हिवाळा येईतो तो गिरणगावात पसरला. लाखो माणसे बोटीने कोकणात, आगगाडीने घाटावर पळाली. चाळी ओस पडल्या, गिरण्यांना माणसे मिळेनात. घरझडती घेणाऱ्या अधिकाऱ्यांची माणसांना धास्ती आणि सरकारी इस्पितळाची त्याहून मोठी. ज्याच्या काखेत गाठ आली, त्याला सख्खे नातेवाईकही लपवीत किंवा टाकून जात. लोखंडे शहर सोडून गेले नाहीत. रोग्यांसाठी दवाखाना उभारण्याच्या आणि त्यांना तेथे आणून त्यांची शुश्रूषा करण्याच्या कामात ते उतरले. ज्यांच्या रविवारासाठी ते झगडले होते, तेच मजूर आता त्या खाटांवर होते. रोग्यांत वावरताना त्यांनाही लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, एकोणपन्नासावा वाढदिवस उलटून एकच दिवस झालेला असताना, ते गेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात प्लेगचे रोगी सांभाळता सांभाळता सावित्रीबाई गेल्या.

भारत सरकारने ३ मे २००५ रोजी लोखंड्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. टपाल खात्यात उमेदवारी केलेल्या माणसाला हा मान मिळाला, याचे आम्हांला समाधान वाटते. आमच्या भागातील किती घरांत हे नाव ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा. सोनारी हे नाव निघाले, की लोकांना काळभैरवनाथाची यात्रा आणि माकडे आठवतात. या मातीतील माणसे पिढ्यान् पिढ्या बार्शी-सोलापूरच्या गिरण्यांत घाम गाळून आली, हे कोणी सांगत नाही. त्या गिरण्यांचे भोंगे थांबले आणि त्याच घरांतील नातवंडे उसाच्या फडात गेली. फडात नवराबायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडायचे. एका दिवसाची गैरहजेरी झाली, तर त्याला खाडा म्हणतात आणि त्याचे पैसे कापले जातात. ताप असो, की बाईची पाळी असो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या वाढल्या, की २०१९ मध्ये शासनाला समिती नेमून चौकशी करावी लागली. खाडा मांडणारा मुकादम पुष्कळदा गावचाच असतो, भावकीतला असतो, आणि कधीकाळी त्यानेही कोयता चालविलेला असतो.

सातवीतील त्या मुलीला आम्ही ही सारी हकीकत दोन तासिकांत सांगितली. ती ऐकून तिने पुन्हा विचारले, की मग आईच्या टोळीत लोखंडे कोण. आम्ही तिला खरे ते सांगितले, की अजून कोणी नाही.

लोखंड्यांचा दिवस शाळेत पाळावा, असे यंदा शिक्षकांच्या बैठकीत ठरले आहे. १० जून हा रविवारच्या सुटीचा दिवस खरा, पण तो उन्हाळी सुटीत येतो आणि मुले घरी असतात. म्हणून ९ फेब्रुवारी हा स्मृतिदिन धरला आहे. त्या दिवशी स्वयंपाकघरातील बायका, पहारेकरी आणि शिक्षक एकाच पंगतीला बसतील आणि वाढप वरच्या वर्गातील मुले करतील, एवढा कार्यक्रम निश्चित झाला आहे. पालकांनाही बोलवावे, अशी सूचना आली होती. परंतु फेब्रुवारीत कारखान्यांचे हंगाम जोरात असतात, त्यामुळे ती तूर्त बाजूला ठेवावी लागली.